दोन खोकी कॅसेट आणि बेसबॉलची स्कोअरकार्डे : काय ठेवावे, कसे ऐकावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये तुमच्या शेजारी राहणारे निवृत्त गृहस्थ घर आवरून मुलीकडे राहायला गेले आणि जाताना त्यांनी तुमच्या हाती दोन खोकी दिली. त्यांत सुमारे दीडशे कॅसेट आहेत, बहुतेक सगळ्या ग्रेटफुल डेड या बँडच्या कार्यक्रमांच्या, आणि त्यांच्या अधेमधे हाताने भरलेली बेसबॉलची स्कोअरकार्डे खोचलेली आहेत. एकच गाणे चाळीस वेळा साठवण्यात काय अर्थ आहे, यांतल्या ‘सर्वोत्तम दहा’ कॅसेट कोणत्या, बाकीच्या टाकून दिल्या तर चालेल का, आणि या सगळ्यात बेसबॉल कुठून आला, असे तुम्ही विचारले आहे.

काहीही टाकू नका, स्कोअरकार्डे तर मुळीच नाही, आणि ती ज्या कॅसेटशेजारी खोचलेली आहेत तिथून हलवण्याआधी प्रत्येक कप्प्याचा फोनवर फोटो काढून ठेवा. क्रम बिघडला की पुरावा बिघडतो. मी गेली तीसेक वर्षे कॅलिफोर्नियात जिवंत कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण करतो आहे आणि त्याआधीचे माझे शिक्षण दादरला मामांच्या घरी झाले. मामा मैफलींचे स्पूल, म्हणजे टेपची रीळे, जमवत असत. त्यांच्या खोक्यांवर राग, कलाकार, तारीख, जागा, साथीला कोण आणि ‘चहापानाआधी’ की ‘चहापानानंतर’ इतके सगळे बोरूच्या अक्षरात लिहिलेले असे. चहापानाची नोंद मला त्या वयात हास्यास्पद वाटत असे. पुढे स्वतः ध्वनिमुद्रण करू लागलो तेव्हा तिचे मोल कळले, कारण एकाच संध्याकाळचे दोन स्पूल कोणत्या क्रमाने लावायचे हे तिच्यावरूनच ठरते.

आता ‘सर्वोत्तम दहा’विषयी. ग्रेटफुल डेड हा बँड १९६५ साली पालो आल्टोच्या परिसरात उभा राहिला आणि जेरी गार्सिया १९९५च्या ऑगस्टमध्ये वारला तेव्हा थांबला. या तीस वर्षांत त्यांचे जवळजवळ २,३०० कार्यक्रम झाले. आज रात्री कोणती गाणी वाजणार याची यादी आधी ठरलेली नसे, आणि एखादे गाणे सुरू झाले तरी ते सहा मिनिटांत आटोपेल की पंचवीस मिनिटे चालून दुसऱ्याच गाण्यात विरघळेल हे वाजवणाऱ्यांनाही ठाऊक नसे. ज्याने एका गवयाचा यमन वेगवेगळ्या वर्षी चार-पाच वेळा ऐकला आहे त्याला ‘एकच गाणे चाळीस वेळा कशाला’ हा प्रश्न पडणार नाही. तुमच्या शेजाऱ्यांनी गाणे साठवलेले नाही, त्या गाण्याचे त्या त्या रात्री काय झाले ते साठवले आहे. म्हणून दहा निवडक रात्री ऐकण्यापेक्षा एक सलग दौरा ऐका. १९७२च्या ७ एप्रिलपासून २६ मेपर्यंत या बँडने युरोपात २२ कार्यक्रम केले. ते सगळे सोळा ट्रॅकवर मुद्रित झाले आणि २०११ साली संपूर्ण संच म्हणून अधिकृतपणे प्रकाशित झाले. त्यांतले पहिले पाच-सहा कार्यक्रम ओळीने ऐकलेत तर एखादी कल्पना एका रात्री चुकून सुचते, दुसऱ्या रात्री फसते आणि चौथ्या रात्री सहज जागेवर बसते, हे कानाला समजू लागते. निवडक दहांत हे कधीच कळत नाही, कारण तिथे फसलेली रात्र नसतेच.

बेसबॉलचा पहिला संबंध इथेच आहे. मेजर लीग या अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेतला प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ रोज सामना असतो आणि त्यांतले बहुतेक कुणाच्या लक्षात राहत नाहीत. उत्तम संघही साठ-सत्तर सामने हरतो. हा खेळ केवळ अंतिम फेरी पाहून आवडत नाही. मंगळवारी रात्री, अर्धे रिकामे मैदान, कुणीतरी नवखा पिचर (चेंडू टाकणारा), सातव्या इनिंगमध्ये वाढणारी थंडी, अशा सामन्यांची सवय लागली की तो आवडतो. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या मंडळींना तो कंटाळवाणा वाटतो, कारण आपण धावांकडे पाहतो आणि इथे धावा फारच थोड्या होतात. इथे पाहायचे असते ते पिचर आणि बॅटर यांच्यातले, चेंडूगणिक बदलणारे गणित. २०२३ साली पिचरला वेळेचे बंधन घालणारे घड्याळ आले आणि नऊ इनिंगच्या सामन्याचा सरासरी कालावधी तीन तासांच्या थोडा वरून दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास आला. जुन्या चाहत्यांनी बरीच कुरकुर केली. मला स्वतःला तो बदल मानवला, पण दोन चेंडूंच्या मधे स्कोअरकार्ड भरायला जी निवांत जागा मिळत असे ती आकसली, हेही खरे.

स्कोअरकार्ड कसे वाचावे ते एकदा समजून घ्या, म्हणजे खोक्यातले ते कागद बोलू लागतील. मैदानातल्या नऊ जागांना क्रमांक आहेत : पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) ६, आणि डावीकडून उजवीकडे बाहेरचे तिघे ७, ८, ९. क्रमांक खेळाडूच्या पाठीवरचा नव्हे, जागेचा. एखाद्या चौकोनात ‘६-४-३’ लिहिलेले दिसले तर जमिनीवरून आलेला चेंडू शॉर्टस्टॉपने उचलला, दुसऱ्या बेसवाल्याकडे फेकला, तिथे एक बाद झाला, आणि त्याने तो पहिल्या बेसकडे फेकून दुसराही बाद केला. सगळे मिळून चार-साडेचार सेकंद, कागदावर तीन आकडे. तीन स्ट्राइक (बॅटरच्या विरुद्ध मोजले जाणारे चेंडू) होऊन बॅटर बाद झाला तर इंग्रजी ‘के’ लिहितात. एकोणिसाव्या शतकात हेन्री चॅडविक या पत्रकाराने नोंदीची जी पद्धत बसवली तिच्यात ‘स्ट्रक’ या शब्दाचे शेवटचे अक्षर म्हणून हा ‘के’ आला. बॅटर नुसता पाहत उभा राहिला आणि तिसरा स्ट्राइक पंचाने दिला, तर तोच ‘के’ उलटा काढतात. मला या खेळातली ही सर्वांत बोलकी खूण वाटते. मनगट न हलवता बाद झालेल्या माणसाची सगळी नामुष्की त्या उलट्या अक्षरात उतरते.

दुसरा संबंध अधिक जुना आहे आणि तो खुद्द टेपच्या इतिहासात आहे. १९५१च्या ३ ऑक्टोबरला न्यूयॉर्क जायंट्सच्या बॉबी थॉमसनने ब्रुकलिन डॉजर्सविरुद्ध शेवटच्या इनिंगमध्ये होमरन (थेट मैदानाबाहेरचा फटका) मारून लीगचे विजेतेपद आणले. रेडिओवर रस हॉजेस निवेदन करत होता. त्याचे ते बेभान ओरडणे आज अमेरिकेत कुणालाही ओळखू येते. ते वाचले, कारण एका चाहत्याने कामावर जाताना घरातल्या टेपरेकॉर्डरचे बटण कधी दाबायचे ते आईला समजावून सांगितले होते. बेसबॉलमधला हा सर्वांत प्रसिद्ध आवाज म्हणजे हौशी माणसाचे घरगुती मुद्रण आहे.

त्याहून मजेदार गोष्ट गायक बिंग क्रॉस्बीची. युद्धानंतर जॅक मुलिन नावाच्या अभियंत्याने जर्मनीतून मॅग्नेटोफोन यंत्रे आणली आणि १९४६ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचे प्रात्यक्षिक दाखवले. दर आठवड्याला रेडिओवर थेट कार्यक्रम करण्याचा क्रॉस्बीला कंटाळा होता, टेपवर आधी मुद्रण करून हवे तसे कापता-जोडता येते हे पाहून तो हरखला, आणि आपल्या याच खाडीकाठच्या अँपेक्स या छोट्या कंपनीला त्याने ५०,००० डॉलर दिले. अमेरिकेतली व्यावसायिक टेप यंत्रे त्यातून उभी राहिली. हाच क्रॉस्बी पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाचा भागीदारही होता. १९६०च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना पाहण्याचा ताण सोसवणार नाही म्हणून तो पॅरिसला निघून गेला, पण जाताना दूरचित्रवाणीवरचे प्रक्षेपण फिल्मवर उतरवून ठेवण्याची व्यवस्था करून गेला. पायरेट्सने तो सामना शेवटच्या इनिंगमधल्या बिल मॅझेरॉस्कीच्या होमरनवर १०-९ असा जिंकला. प्रक्षेपणाची दुसरी प्रत कुठेच उरली नव्हती. २००९ साली ती फिल्म क्रॉस्बीच्या हिल्सबरोच्या घरातल्या तळघरात सापडली. कधी तिचे स्कोअरकार्ड भरून पाहा. वर्ल्ड सिरीजच्या इतिहासातला हा एकमेव सामना आहे की ज्यात एकही ‘के’ नाही, सुलटा नाही आणि उलटाही नाही.

आता तुमच्या कॅसेटकडे येऊ. लेबल वाचताना आधी ते मुद्रण कुठून घेतले आहे ते पाहावे. ‘साउंडबोर्ड’ लिहिले असेल तर आवाज थेट कार्यक्रमाच्या मिक्सिंग बोर्डावरून घेतलेला असतो. तो स्वच्छ असतो, पण दर वेळी समतोल असेलच असे नाही. लहान सभागृहात गिटारचे अँप्लिफायर मुळातच मोठे वाजतात, त्यांना स्पीकरची गरज नसते, त्यामुळे बोर्डावर गळाच पुढे येतो आणि वाद्ये मागे राहतात. ‘ऑडियन्स’ लिहिले असेल तर ते श्रोत्यांत उंच दांडीवर मायक्रोफोन लावून केलेले असते. त्यात सभागृहाची हवा असते, टाळ्या असतात आणि शेजारच्याचा खोकलाही असतो. नवे श्रोते साउंडबोर्डच्या मागे धावतात. मी पंधरा-वीस वर्षांनी उलट्या दिशेला गेलो. चांगले ऑडियन्स मुद्रण मला जास्त खरे वाटते, कारण वाजवणारे श्रोत्यांना उत्तर देत असतात आणि बोर्डावर तो प्रश्नच ऐकू येत नाही. दोन्ही जुळवून केलेल्या मुद्रणाला ‘मॅट्रिक्स’ म्हणतात. मायक्रोफोन मंचापासून ३४ मीटर दूर असेल तर त्याचा आवाज बोर्डाच्या मागून साधारण एक दशांश सेकंदाने येतो, आणि तेवढे सरकवून घेतले नाही तर ढोल दोनदा वाजल्यासारखा भासतो.

या बँडने श्रोत्यांना मुद्रण करू दिले, हे त्या काळात नवलच होते. १९८४च्या ऑक्टोबरपासून टेपर, म्हणजे मुद्रण करणाऱ्या, मंडळींसाठी मिक्सिंग बोर्डाच्या मागे वेगळी जागा आणि वेगळी तिकिटे ठेवली गेली, कारण मायक्रोफोनच्या दांड्यांचे रान बोर्डासमोर माजले होते आणि मागच्यांना काही दिसत नव्हते. अट एकच होती, आजही तीच आहे : या कॅसेटची विक्री नाही. कोऱ्या कॅसेट आणि परतीचे टपाल पाठवा, प्रत करून मिळेल, असा व्यवहार चाले. तुमच्या खोक्यांतले काही लिफाफे त्याचेच असावेत. इतर अनेक बँड आणि कलाकार मुद्रणाला परवानगी देत नाहीत, आणि तिथे खिशात यंत्र लपवून नेणाऱ्याला आमच्यात कुणी मान देत नाही. आपल्याकडच्या मैफलीतही आधी कलाकाराला आणि मग आयोजकाला विचारावे. मामा विचारत असत, आणि नकार मिळाला तर यंत्र बंद करून शेवटपर्यंत बसून ऐकत असत.

तुम्ही इंटरनेटवर वाचले आहे, की १९७७च्या ८ मे रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेला कार्यक्रम सर्वश्रेष्ठ. तो चांगला आहे यात शंका नाही, अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीतही त्याचा समावेश झाला आहे. पण त्याची कीर्ती जितकी वादनामुळे आहे तितकीच टेपमुळेही आहे. बेटी कँटर-जॅक्सन हिने बँडसाठी ते मुद्रण केले होते आणि तिच्या कानाइतका समतोल कान त्या काळात फार थोड्यांना होता. पुढे तिच्या अडचणीच्या दिवसांत भाड्याच्या गोदामातले तिचे सामान थकबाकीपायी १९८६ साली लिलावात निघाले, रीळांचे ढीग अनोळखी माणसांनी विकत घेतले, आणि तिथून ती मुद्रणे चाहत्यांमध्ये पसरली. एखादी रात्र अजरामर ठरते त्यात लिलाव, गोदामाचे भाडे आणि एका बाईची बोर्डावरची बोटे यांचा इतका वाटा असू शकतो. त्याच महिन्यातल्या शेजारच्या रात्री ऐका, फरक फार थोडा आहे.

कॅसेट संगणकावर उतरवण्याचे काम घाईने करू नका. चांगला, सर्व्हिसिंग केलेला डेक घ्या, हेड आणि फिरणारा रबरी रोलर दर तीन-चार कॅसेटनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि वाजवण्यापूर्वी प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, म्हणजे वर्षानुवर्षे घट्ट बसलेले वेढे सैल होतात. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटला तर टेप खराब झाली असे लगेच समजू नका. बहुतेक वेळा तुमच्या हेडचा कोन मूळ डेकच्या कोनाशी जुळलेला नसतो. हेडशेजारच्या छोट्या स्क्रूने, झांजेचा आवाज सर्वांत तीक्ष्ण ऐकू येईपर्यंत, तो अलगद जुळवावा लागतो, आणि हे प्रत्येक कॅसेटसाठी नव्याने करावे लागते. डॉल्बी (टेपचा सूं आवाज कमी करणारी सोय) वापरल्याची खूण लेबलवर नसेल तर ते बंद ठेवा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ कॅसेटला पुरेसे आहे. मूळ फाइलवर कोणतीही ‘सफाई’ करू नका. टेपचा सूं आवाज काढण्याच्या नादात झांजेची शेपूट कापली गेलेली शेकडो मुद्रणे मी ऐकली आहेत.

वेगाकडे मात्र लक्ष द्या. बॅटरी उतरत असताना केलेले मुद्रण नंतर योग्य वेगाने वाजवले की सूर चढलेला आणि लय घाईची होते. काही मुद्रणांत विजेची बारीक गुणगुण असते. अमेरिकेत ती ६० हर्ट्झची असते, आपल्याकडे ५०ची. संगणकावर ती ६२च्या आसपास दिसली तर टेप तीनेक टक्के जास्त वेगाने चालली आहे. मामांच्या एका स्पूलवरची काळी चारची तक्रार मी अशीच मिटवली : गवयाने सूर चढवला नव्हता, यंत्र चढले होते.

माझी स्वतःची एक फजिती सांगून ठेवतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ओकलंडच्या एका कार्यक्रमात मी शेजारच्या माणसाशी त्या दिवशीच्या बेसबॉल सामन्याविषयी कुजबुजत राहिलो आणि ४५ मिनिटांची बाजू संपल्याचे माझ्या लक्षात आले नाही. एका गाण्यातून दुसऱ्यात जाणारा तो नाजूक पूल माझ्या कॅसेटवर नाही. तिथे फक्त बटणाची ‘खट्’ आहे, आणि त्याआधी माझाच, पिचरला नावे ठेवणारा आवाज.

या दोन्ही छंदांत जाणाऱ्या माणसाची वही ही खरी ठेव असते. १९६५च्या ९ सप्टेंबरला डॉजर्सचा सँडी कोफॅक्स परिपूर्ण सामना टाकत होता, म्हणजे सत्तावीसच्या सत्तावीस बॅटर एकही बेस न गाठता बाद होत होते. निवेदक व्हिन स्कली शेवटच्या इनिंगमध्ये पुन्हा पुन्हा घड्याळातली वेळ आणि तारीख सांगत राहिला, हेतू हा की पुढे ते मुद्रण कोफॅक्सकडे ठेव म्हणून राहील तेव्हा त्यात क्षण नोंदलेला असावा. टेपर मंडळीही पहिल्या सुराआधी मायक्रोफोनमध्ये तारीख आणि जागा पुटपुटतात. तुम्ही प्रत्येक फाइलसोबत एक साधी मजकुराची फाइल ठेवा : बँड, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख, सभागृह, मुद्रण कुठून घेतले, कितवी प्रत, कोणत्या डेकवर, कुणी उतरवले. लेबलवरचे शेजाऱ्यांचे शब्द जसेच्या तसे लिहा, त्यात चूक असली तरी. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट आर्काइव्हमध्ये २००२पासून असलेला जिवंत संगीताचा संग्रह पाहा. तुमच्या बहुतेक तारखा तिथे आधीच असतील, कदाचित अधिक चांगल्या प्रतीत. ज्या नसतील त्यांच्यासाठीच ही सगळी मेहनत.

शेवटी तुम्ही लिहिलेल्या त्या कॅसेटविषयी, जिच्यावर फक्त ‘उन्हाळा, बाजू २, अप्रतिम’ लिहिले आहे. मला अशीच एक मिळाली होती. चाहत्यांनी जवळपास प्रत्येक कार्यक्रमाच्या गाण्यांच्या याद्या जमवल्या आहेत, पण माझ्याकडे एकच बाजू होती आणि त्या क्रमाला तीन तारखा जुळत होत्या. चौथ्यांदा ऐकताना दोन गाण्यांच्या मधे मागच्या रांगेतला एक जण बोलताना सापडला : दुपारी सॅन फ्रान्सिस्कोचे जायंट्स अकराव्या इनिंगमध्ये हरले होते आणि त्याचे बिअरचे पैसे वाया गेले होते. सामना नवापुढे गेलेला, दुपारचा आणि हरलेला. रेट्रोशीट ही संस्था १९८९पासून जुन्या सामन्यांच्या तपशीलवार नोंदी गोळा करते आहे. त्या तीन दिवसांचे सामने तिच्याकडे होते, आणि ही अट पुरी करणारा त्यांत एकच निघाला. तुमच्या त्या कॅसेटशेजारी कोणते स्कोअरकार्ड खोचलेले होते ते आधी सांगा, आणि कार्डाच्या वरच्या उजव्या कोपऱ्याचा फोटो पाठवा. बहुतेक लोक तारीख तिथे लिहितात.